दिशांची सरासरी आणि खंडाळ्याचा कातळ

वर्गात एक साधे उदाहरण देऊन पाहावे. एका गावात आठ दिवस, सकाळी वारा कोणत्या दिशेकडून आला याच्या नोंदी घेतल्या : ३५०, १०, २०, ३४०, ०, ३०, ३३० आणि ० अंश. (उत्तर म्हणजे ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०.) आता वाऱ्याची सरासरी दिशा काढा, असे सांगितले की मुले आठही आकडे मिळवतात. बेरीज येते १०८०. तिला आठाने भागले की उत्तर १३५. म्हणजे आग्नेय दिशा. आठही दिवस वारा उत्तरेच्या अंगाने वाहिला, आणि सरासरी सांगते की तो आग्नेयेकडून आला! बेरजेत कुठे हातचा चुकलेला नाही, भागाकारही बरोबर आहे. मग बिघडले कुठे?

बिघडले ते असे, की उंची, वजन, गुण या राशी सरळ रेषेवर मांडता येतात, दिशा मांडता येत नाहीत. ३५९ आणि १ हे आकडे म्हणून एकमेकांपासून लांब असले तरी दिशा म्हणून शेजारी आहेत. वर्तुळाला सुरुवात नसते. ती आपण कुठेतरी मानतो, आणि नेमकी तिथेच आपली कात्री चालते. याच आठ नोंदींचा नेहमीसारखा स्तंभालेख काढला, तर अर्धे स्तंभ डाव्या टोकाला आणि अर्धे उजव्या टोकाला जाऊन बसतात. पाहणाऱ्याला वाटते की वाऱ्याचे दोन वेगळे गट आहेत. तोच आलेख वर्तुळावर काढला की एकच झुबका दिसतो. अशा राशींसाठी आलेखाचा आणि सरासरीचा नवा मार्ग शोधावा लागला. तो शोधता शोधता आपल्या सह्याद्रीतल्या दगडांपर्यंत कसे येऊन पोचावे लागले, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते, म्हणून ती येथे सांगत आहोत.

वाऱ्याचा गुलाब

दर्यावर्दी लोकांच्या नकाशांवर बत्तीस दिशांची चांदणी काढलेली असे. पण ती केवळ दिशा दाखवी. कोणत्या दिशेकडून किती दिवस वारा आला, हे त्या चांदणीच्या पाकळ्यांनी सांगावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. फ्रान्समध्ये आंद्रे-मिशेल गेरी याने १८२९ साली असे वर्तुळाकार आलेख छापले. ऋतूंप्रमाणे वाऱ्याची दिशा त्याने त्यांत दाखवलीच, शिवाय दिवसाच्या कोणत्या तासाला किती जन्म आणि किती मृत्यू होतात हेही घड्याळासारख्या वर्तुळावर मांडले. रात्रीचे अकरा आणि पहाटेचा एक हे शेजारी आहेत, हे त्याच्या ध्यानात आले होते. पुढे हवामानखात्यांनी वाऱ्याचा आलेख उचलला. त्याला इंग्रजीवरून आपल्याकडेही ‘विंड रोझ’ म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा गुलाब.

हा गुलाब नुसता शोभेचा नाही. विमानतळाची धावपट्टी कोणत्या दिशेने बांधायची हे त्यावरून ठरते, कारण विमानाला समोरून येणारा वारा हवा असतो. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या टोकांवर ०९ आणि २७ असे आकडे आहेत. त्यांना दहाने गुणा : ९० आणि २७० अंश, म्हणजे पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा वारा आठवला की या आकड्यांचा अर्थ लागतो.

पण या गुलाबात एक काटा आहे. समजा, पश्चिमेकडून वारा आला ४० दिवस आणि उत्तरेकडून १० दिवस. पाकळीची लांबी दिवसांच्या प्रमाणात ठेवली, तर पश्चिमेची पाकळी चौपट लांब होते. पाकळी वर्तुळाच्या तुकड्यासारखी असल्यामुळे तिचे क्षेत्रफळ मात्र सोळापट होते, आणि आपला डोळा लांबीपेक्षा क्षेत्रफळाकडे आधी पाहतो. उपाय सोपा आहे. पाकळीची त्रिज्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात ठेवावी.

या अडचणीत सापडलेली सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रायमियाच्या युद्धात (१८५४-५६) ब्रिटिश सैनिक कशाने मेले हे तिला सरकारच्या डोळ्यांसमोर ठेवायचे होते. जानेवारी १८५५ या एका महिन्यात टाळता येण्याजोग्या संसर्गजन्य रोगांनी २,७६१ सैनिक मेले आणि जखमांनी ८३. एकास तेहेतीस हे प्रमाण मुळातच भयंकर आहे. त्रिज्या जर त्या प्रमाणात धरली असती, तर क्षेत्रफळे एकास अकराशे दिसली असती. १८५८ च्या सुमारास तिने प्रथम जे आलेख काढले, त्यांत मध्यापासूनची लांबीच प्रमाणात होती. नंतरच्या आलेखात तिने पाकळीचे क्षेत्रफळ प्रमाणात ठेवले आणि तसे आकृतीखाली स्पष्ट लिहिले. ज्याची बाजू मुळात खरी आहे त्यानेसुद्धा आलेखात ती फुगवू नये, हा तिचा कटाक्ष आम्हाला तिच्या आकृतीच्या सौंदर्याहून मोठा वाटतो. (खरे तर या माहितीला वर्तुळाची तितकीशी गरज नव्हती. एकामागून एक येणारे चोवीस महिने सरळ रेषेवरही मांडता आले असते.)

अणुभार वर्तुळावर

आलेख झाला, पण सरासरीचे काय? तिची वाट सापडली ती दिशांना आकडे न मानता बाण मानण्यात. पहिल्या उदाहरणातली प्रत्येक नोंद म्हणजे २ सेंटीमीटर लांबीचा एक बाण समजा. आलेख-कागदावर पहिला बाण काढा, त्याच्या टोकापासून दुसरा, त्याच्या टोकापासून तिसरा, असे आठही बाण जोडा. सुरुवातीपासून शेवटच्या टोकापर्यंत रेघ ओढली की ती थेट उत्तरेकडे जाते. हीच खरी सरासरी दिशा. भौतिकशास्त्रात बलांची जी सदिश बेरीज शिकवतो, तीच ही.

त्या रेघेची लांबीही मोजावी. सगळे बाण एकाच दिशेचे असते, तर ती १६ सेंटीमीटर भरली असती. येथे सुमारे १५.२ भरते. म्हणजे बाणांमध्ये बरेच एकमत आहे. बाण जर वाटेल त्या दिशांना विखुरलेले असतील, तर रेघ आखूड राहते. लॉर्ड रॅले याने ध्वनीच्या कंपनांचा विचार करताना १८८० मध्येच दाखवले होते, की पूर्णपणे यदृच्छ दिशांचे शंभर बाण जोडले, तर परिणामी रेघ शंभराच्या नव्हे, सर्वसाधारणपणे दहाच्या, म्हणजे शंभराच्या वर्गमूळाच्या, आसपास असते. १९०५ मध्ये कार्ल पिअर्सन याने यदृच्छ पावले टाकणारा माणूस कुठवर पोचेल हा प्रश्न ‘नेचर’मध्ये विचारला, तेव्हा रॅलेने आपले हेच जुने उत्तर त्याच्या हाती ठेवले. त्यामुळे बाणांची बेरीज दोन गोष्टी एकदम सांगते : रेघेची दिशा म्हणजे सरासरी, आणि रेघेची लांबी म्हणजे त्या सरासरीवर किती भरवसा ठेवावा.

हे तंत्र दिशेशी काही संबंध नसलेल्या ठिकाणीही उपयोगी पडते. १९१८ मध्ये रिचर्ड फॉन मिझेस या गणितज्ञाने प्रश्न घेतला : मूलद्रव्यांचे अणुभार पूर्णांकांच्या जवळ असतात, हा योगायोग आहे का? आजच्या कोष्टकातील पाच अणुभार घेऊ. हीलियम ४.००३, कार्बन १२.०११, सोडियम २२.९९०, ॲल्युमिनियम २६.९८२, फॉस्फरस ३०.९७४. पाचही पूर्णांकाला चिकटलेले आहेत. पण फक्त अपूर्णांक घेतले – ०.००३, ०.०११, ०.९९०, ०.९८२, ०.९७४ – आणि त्यांची नेहमीची सरासरी काढली, तर ०.५९२ येते. म्हणजे पूर्णांकापासून जवळजवळ जास्तीत जास्त दूर! मिझेसने अपूर्णांक वर्तुळावर मांडले. ० आणि १ हा एकच बिंदू, आणि एक पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश. मग सरासरी येते ०.९९२, पूर्णांकाच्या अगदी कडेला. अकरावी-बारावीच्या मुलांना हे उदाहरण जरूर द्यावे. रसायनशास्त्राचे कोष्टक हाताशी असतेच.

आइसलँडचे दगड, केंब्रिजचा संख्याशास्त्रज्ञ

आता मुख्य गोष्टीकडे वळू. तप्त लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजांचे कण त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. खडक म्हणजे दगडात गोठलेले होकायंत्रच. मात्र ही दिशा कागदावरच्या होकायंत्रासारखी सपाट नसते. तिला दोन कोन लागतात. उत्तरेपासून किती वळली तो दिक्पात, आणि क्षितिजाखाली किती झुकली ती नती. विषुववृत्तावर नती शून्य असते, ध्रुवावर ९० अंश. उत्तर गोलार्धात चुंबकसूचीचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिण गोलार्धात ते वर उचलले जाते. नती आणि अक्षांश यांचे नाते सोपे आहे. नतीचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असतो. म्हणजे दगडातील नती मोजली, की तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळावे.

कळावे खरे, पण एका दगडावरून कळत नाही. चुंबकीय ध्रुव स्वतःच भटकत असतो. एक लाव्हाप्रवाह म्हणजे त्या भटकंतीतला एक क्षण. अनेक प्रवाहांतील बाणांची सरासरी घेतली, तरच भटकंती पुसली जाऊन पृथ्वीच्या आसाची दिशा हाती येते. आणि सरासरी घ्यायची तर प्रश्न येतोच : ती कितपत पक्की?

यान हॉस्पर्स हा डच तरुण केंब्रिजमध्ये संशोधन करीत असताना १९५० आणि १९५१ मध्ये आइसलँडला जाऊन लाव्ह्याचे नमुने घेऊन आला. त्याचे बाण दोन विरुद्ध दिशांना जमलेले होते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र पूर्वी उलटलेले असल्याची ती खूण. हे बाण घेऊन तो रोनाल्ड फिशरकडे गेला. फिशर तेव्हा केंब्रिजला आनुवंशशास्त्राचा प्राध्यापक होता, पण संख्याशास्त्रात त्याचा शब्द शेवटचा मानत. (आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यामुळे त्याचे कलकत्त्याला येणेजाणे होते, १९३८ च्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचा तो अध्यक्ष होता.) वर्तुळाऐवजी गोलाच्या पृष्ठभागावर विखुरलेल्या बाणांचे गणित त्याने मांडले आणि १९५३ मध्ये ते रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

त्याचे सार हिशेबाने पाहू. दहा नमुन्यांचे, प्रत्येकी एक एकक लांबीचे दहा बाण जोडले आणि परिणामी बाण ९.७ भरला. दहातून ९.७ वजा केले, उरले ०.३. नमुन्यांच्या संख्येतून एक वजा केला, उरले ९. नवाला ०.३ ने भागले, आले ३०. हा बाणांच्या एकजुटीचा आकडा. आता ३० ला नमुन्यांच्या संख्येने, म्हणजे दहाने, गुणा, त्याचे वर्गमूळ घ्या (सुमारे १७.३) आणि त्याने १४० ला भागा. उत्तर सुमारे ८ अंश. याचा अर्थ, सरासरी बाणाभोवती ८ अंशांचा शंकू काढला, तर खरी दिशा त्यात असण्याचा भरवसा शेकडा ९५ धरता येतो. दहा दगड आणि थोडे अंकगणित, एवढ्यावर ‘मला वाटते’ याच्या जागी ‘इतक्या अंशांच्या आत’ असे म्हणता येऊ लागले.

आलेखही बदलला. कागदावर गोल कसा काढणार? एक वाटी डोळ्यांसमोर आणावी, तिच्या मध्यातून बाण निघून भिंतीला जिथे टेकतो तिथे ठिपका द्यावा, आणि वरून वाटीत पाहावे. बाण खाली झुकलेला असेल तर भरीव ठिपका, वर उचललेला असेल तर पोकळ. उभा बाण मध्यावर, आडवा बाण काठावर. वाटी कागदावर सपाट करताना सगळीकडे क्षेत्रफळाचे प्रमाण सारखे राहील अशी युक्ती लॅम्बर्टने १७७२ मध्येच दिली होती. ती वापरली नाही तर काठाजवळचे ठिपके उगाचच विरळ आणि मधले दाट दिसतात. नाइटिंगेलच्या पाकळ्यांचाच प्रश्न पुन्हा, वेगळ्या वेषात.

सह्याद्रीतले ठिपके

आल्फ्रेड वेगेनर याने १९१२ मध्ये खंडे सरकतात असे म्हटले होते, पण १९५० पर्यंत बहुसंख्य भूवैज्ञानिक आणि भौतिकशास्त्रज्ञ ते मानत नव्हते. भारत खरोखर उत्तरेकडे सरकला असेल, तर त्याच्या जुन्या लाव्ह्यात ते दिसायला हवे. आणि जुना लाव्हा पाहायला डेक्कन ट्रॅपसारखी जागा जगात थोडी. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले काळ्या कातळाचे थर, वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. केंब्रिजमध्ये एडवर्ड अर्व्हिंग या विद्यार्थ्याने भारतातून दिशा नोंदवलेले मोजके नमुने मिळवून मोजले. भारत दक्षिणेकडून आल्याची खूण त्यांत होती. १९५४ मध्ये त्याचा पीएच.डी.चा प्रबंध मात्र नाकारण्यात आला. हा विषय इतका नवा होता की तो जोखणारे परीक्षक मिळणेच कठीण होते. अर्व्हिंग ऑस्ट्रेलियाला गेला आणि काम करीतच राहिला. केंब्रिजने पुढे १९६५ मध्ये त्याला डॉक्टरेट दिली.

दुसरीकडे लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील पॅट्रिक ब्लॅकेट यांनी अतिशय क्षीण चुंबकत्व मोजणारे उपकरण तयार केले होते. होमी भाभांशी त्यांची मैत्री होती. त्यातून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट उभा राहिला. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांचा भारतीय खडकांवरचा निबंध १९५६ मध्ये आला. पाठोपाठ १९५८ आणि १९५९ मध्ये डॉइच यांच्याबरोबर टाटा संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचे निबंध आले. खंडाळा, निपाणी, पावागड, छिंदवाड्याजवळचे लिंगा अशा ठिकाणचे कातळ त्या वर्षांत मोजले गेले.

नमुना घेणे हे दिसते तितके सोपे नाही. कातळ फोडण्यापूर्वीच त्यावर आडवी रेघ आणि उत्तर दिशा आखावी लागते. एकदा तुकडा सुटला की त्याची दिशा कायमची हरवली. बसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने होकायंत्र फसते, म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा घेणे बरे. डोंगरमाथ्यावरच्या कातळावर कधीकाळी वीज पडलेली असते आणि ती त्यातले चुंबकत्व विस्कटून टाकते. असा दगड आलेखात लगेच ओळखू येतो. बाकीचे ठिपके झुबक्यात आणि हा एकटा भलतीकडे.

आलेख काय सांगत होता? आज या भागात, अक्षांशाच्या हिशेबाने, बाण उत्तरेकडे आणि सुमारे ३४ अंश खाली झुकलेला असायला हवा. प्रत्यक्षात ठिपक्यांचे दोन झुबके मिळाले. पुढे स्वच्छ केलेल्या नमुन्यांवरून जे आकडे पक्के झाले, त्यांनुसार एक झुबका उत्तर-वायव्येला (सुमारे ३३५ अंश) आणि ४७ अंश वर उचललेला, तर दुसरा त्याच्या बरोबर उलट, दक्षिण-आग्नेयेला आणि तितकाच खाली झुकलेला. आइसलँडसारखे येथेही क्षेत्र उलटलेले. सह्याद्रीत खालचे थर उलटे आणि वरचे सुलटे. या सगळ्यांची सरसकट बेरीज केली असती तर बाण एकमेकांना खाऊन टाकते. म्हणून आधी आलेख पाहायचा, उलटा गट उलटवून घ्यायचा आणि मग बेरीज करायची. हा क्रम चुकवून चालत नाही.

आजची अपेक्षित दिशा आणि दगडातली दिशा यांच्यात ८० अंशांहून अधिक अंतर पडते. फिशरचा शंकू काही अंशांचा. हे अंतर योगायोगाने पडले असे म्हणायला जागाच राहिली नाही. ४७ अंश नतीवरून अक्षांश काढला तर तो येतो २८ अंश दक्षिण. खंडाळा आज १९ अंश उत्तरेवर आहे. ४७ अंशांचा, म्हणजे सुमारे ५,२०० किलोमीटरचा प्रवास, ६.६ कोटी वर्षांत : वर्षाला जेमतेम ८ सेंटीमीटर. शिवाय वाटेत भारत सुमारे २५ अंश डावीकडे वळला, हे ३३५ या आकड्यात आहे.

चिकित्सक वाचक येथे एक शंका काढील, आणि ती रास्त आहे. दोन झुबक्यांपैकी सुलटा कोणता हे कशावरून? खाली झुकलेला झुबका सुलटा मानला, तर भारत उत्तर गोलार्धातच होता, फक्त जवळजवळ पाठमोरा, असाही अर्थ निघतो. नुसत्या डेक्कनच्या आलेखावरून याचा निकाल लागत नाही. त्याहून जुन्या, सुमारे ११.७ कोटी वर्षांच्या राजमहाल टेकड्यांतील लाव्ह्यावरचा क्लेग, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा निबंध १९५८ मध्ये आला. त्या खडकातली नती ६४ अंशांच्या आसपास वर उचललेली आहे, म्हणजे भारत त्या वेळी आणखी दक्षिणेला, सुमारे ४६ अंशांवर. ठिपके एका वाटेवर येऊ लागले. पुढे १९७१ मध्ये मॅकेन्झी आणि स्क्लेटर यांनी हिंदी महासागराच्या तळावरील चुंबकीय पट्ट्यांवरून भारताचा मार्ग स्वतंत्रपणे आखला, आणि तो दक्षिणेकडूनच येत होता.

टोक नसलेले बाण

दख्खनच्या लाव्ह्याने दिशांचा आणखी एक प्रकार पुढे ठेवला आहे. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगांत तो गोठून भिंती तयार झाल्या. त्यांना डाइक म्हणतात. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या भिंतीला ३६० म्हणा की १८०, दोन्ही एकच. बाणाला टोकच नाही. अशा वेळी प्रत्येक कोन दुप्पट करायचा, बाण जोडायचे आणि आलेल्या दिशेचा कोन निम्मा करायचा. गोट्यांचा कल मोजताना क्रुंबाइन याने १९३९ मध्ये ही युक्ती वापरली.

नर्मदा-तापीच्या पट्ट्यातील डाइकांचा गुलाब काढला तर पूर्व-पश्चिमेच्या अंगाला लांब पाकळ्या येतात, कोकण किनाऱ्यावर उत्तर-दक्षिण. जमीन त्या काळी कोणत्या बाजूंना ताणली जात होती ते या पाकळ्यांवरून कळते. पण नाशिक-पुणे भागात, संगमनेरच्या आसपास, डाइका सर्व दिशांना गेलेल्या आहेत. तेथला गुलाब जवळपास गोल येतो, एकही पाकळी उठून दिसत नाही. जमीन एका बाजूला ताणली गेली आणि तिच्या भेगेतून सगळा लाव्हा बाहेर आला, हे साधे चित्र त्या भागापुरते तरी लागू पडत नाही. त्या भागातील शाळांना या भिंती पायी जाऊन पाहता येतील. शेताच्या कडेने आणि ओढ्यात त्या कातळाच्या बांधासारख्या उभ्या दिसतात. होकायंत्र दगडापासून चार पावले दूर धरून वीस-पंचवीस डाइकांच्या दिशा घ्याव्यात, कोन दुप्पट करावेत आणि रेघ किती लांब येते ते कागदावर मोजावे. पंचवीस बाणांना यदृच्छेने जी लांबी मिळते ती सुमारे पाच.